तारेवरची यंत्रं आणि आबांची घोडचाल

सन १९६७. माझं वय चौतीस. तिसरीपर्यंत शिकलो, पुढे शाळा मला पटली नाही. सही करतो, वर्तमानपत्र अक्षर लावून वाचतो, आणि एकदा मनाशी ठरवलं की बदलत नाही. हे शेवटचं काही लोक दोष म्हणून सांगतात. सांगोत.

नंदुरबार जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. आम्ही धुळ्याचे, तालुका शहादा, गाव तापीच्या काठावर. घरात आम्ही गुजरी बोलतो, गावात अहिराणी, जिच्यात ‘ळ’चा ‘य’ होतो, आणि मराठी म्हणजे शाळेतल्या गुरुजींशी नाहीतर कचेरीत. घरातलं बोलणं इथं मराठीत लिहिलंय, कारण गुजरी लिहायची मला सवय नाही.

त्या वर्षी थंडी ओसरली तशी केळीला पाण्याची गरज लागली. विहिरीवर आमचं ऑइल इंजिन होतं. इंजिन वर, पत्र्याच्या खोलीत. पंप खाली खड्ड्यात. दोघांच्या मध्ये पट्टा. वर हँडल मारून इंजिन सुरू करणाऱ्याला खालचा माणूस दिसत नाही. म्हणून खाली कोणी उतरलं असेल तर तो वर आल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही. शेजारच्या शिवारात हे कोणीतरी विसरलं आणि एका धडधाकट गड्याचा हात कोपरापासून गेला. आमचं इंजिन माझे वडील चालवायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. इंजिन गावात आलं त्या दिवसापासून हँडल त्यांच्याच हातात. मला त्यांनी कधी दिलं नाही, मीही मागितलं नाही. मी बैल, नांगर आणि बाजार बघायचो.

एक दिवस घरवाली भाकरी वाढता वाढता म्हणाली, "आबांना इंजिनावर पाठवू नका."

"का?"

"त्यांनीच सालदाराला खाली उतरवलं, पट्टा घसरलाय, बसव म्हणून. आणि तो पट्ट्याला हात घालून बसलेला असताना हँडल मारलं. नशीब, पट्टा सैल होता म्हणून. वर येऊन तो ओरडला तर आबा म्हणतात, तू खाली कशाला गेला होतास?"

आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीचा गडी, डोंगरातला पावरा आदिवासी. खोटं बोलणारा माणूस नव्हता. पण मी म्हणालो, "त्याला नीट ऐकू आलं नसेल."

"हे दुसऱ्यांदा झालंय. त्यालाही घरी लेकरं आहेत."

मला राग आला. आबा म्हणजे आमच्या भागातले बुद्धिबळातले वाघ. प्रकाशा गावाच्या पलीकडून माणसं त्यांच्याशी खेळायला यायची आणि मान खाली घालून परत जायची. अशा माणसाचं डोकं गेलं म्हणायचं? मी म्हणालो, "डोकं बघायचं तर ते पटावर बघावं. रविवारी चक्कीवर डाव आहे. तिथं आबा चुकले तर दुसऱ्या दिवसापासून इंजिन मी बघीन. नाही चुकले तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही."

ती म्हणाली, "बघा. पण नीट बघा."

आता त्या डावाचं सांगतो. तो साधा डाव नव्हता. त्याच्या आधी चांगले आठ-पंधरा दिवस चक्कीच्या ओट्यावर वाद पेटलेला होता, आणि वाद कशाचा, तर बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रांचा.

गुरुजी नवापूरकडचे. शहाद्याहून एस.टी.ने वर्तमानपत्र यायचं ते पहिलं त्यांच्या हाती पडायचं. एका संध्याकाळी ते चक्कीवर आले आणि म्हणाले, "ऐका. दोन देशांची दोन गणकयंत्रं एकमेकांशी बुद्धिबळ खेळताहेत. एक रशियात, एक अमेरिकेत. चाल तारेनं कळवतात."

चक्कीचा मालक आमच्या नात्यातला, त्याला सगळे नाना म्हणायचे. आबांच्या हातून तो आयुष्यभर हरत आला होता आणि आयुष्यभर त्यांना टोमणे मारत आला होता. तो पिठानं पांढरा झालेला बाहेर आला. "यंत्र बुद्धिबय खेयस? मंग मन्ही चक्कीनी काय चोरी करेल शे? तिले भी बसाडा पटवर."

"तुन्ही चक्की आबापेक्षा बरी खेयी," कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. आबाही हसले.

गुरुजींनी समजावून सांगितलं. एक यंत्र म्हणे पटावर जेवढ्या चाली निघतात तेवढ्या सगळ्या बघतं. ही चाललो तर तो काय चालेल, मग मी काय चालीन, असं पुढपर्यंत, एकही न सोडता. दुसरं यंत्र आधी चार-दोन बऱ्या दिसणाऱ्या चाली निवडतं, बाकीच्यांकडे बघतच नाही, आणि त्या निवडलेल्या चालींत खोल जातं. यातलं जास्त जोरदार कोणतं, हे अजून ठरायचं होतं.

झालं. दुसऱ्या दिवसापासून दळण बाजूला आणि हेच सुरू.

नानाचं म्हणणं सरळ होतं. "इंजिन कितला हॉर्सपावरनं शे, ते देखा. जोरबन इंजिन ज्यानं, त्यानं पीठ जास्ती. जास्ती दये तो जिती. आठे डोकानं काय काम?"

गुरुजी म्हणायचे, "नाना, नुसता वेग काय कामाचा? यंत्राला काय कळतं की वजीर मोठा की हत्ती मोठा? ते कोणीतरी माणूस शिकवतो. घोड्याची किंमत किती, उंटाची किती, राजा उघडा पडला तर केवढं नुकसान. ज्या माणसानं किंमत नीट ठरवली त्याचं यंत्र जिंकेल. चुकीच्या मापानं कितीही भराभर मोजलं तरी माप चुकीचंच."

"म्हंजे मास्तर जिती, यंत्र नही," नाना म्हणाला. "शायावाला मानूस, त्याले मास्तरच दिसनार."

आबा बराच वेळ शेंगा सोलत बसायचे आणि मग एकदम बोलायचे. "समदं देखस त्याले काय दिखस रे? बैलबजारमा गया तू. समदा बैल देखस का? दोन देखस, बाकीनाकडे पाठ करस. ज्याले सोडता येस, तोच खरा जोरबन. तुम्हनं ते समदं देखनारं यंत्र म्हंजे नवी नवरी, घरमा काय काय शे ते मोजत बसस."

हे आबांचं म्हणणं मला पटलं होतं, आणि आजही पटतं. पण तेव्हा मी त्यांची बाजू जरा जास्तच जोरात धरायचो. नाना म्हणाला की "समदं देखाले ताकद लागस, थकेल यंत्र निवडीसन खेयस," तर मला वाटायचं हा थकलेल्या यंत्राबद्दल बोलत नाही, आबांबद्दल बोलतोय. गुरुजी म्हणाले, "निवडताना एखादी चाल नजरेतून सुटली की संपलं, सगळं बघणाऱ्याचं तसं होत नाही," तर माझ्या कानाची पाळी तापायची. सालदारानं गावात काही सांगितलं होतं का, मला ठाऊक नाही. मी कोणाला विचारणारही नव्हतो.

"तुम्हले आबानं खेयनं सहन व्हत नही," मी एकदा नानाला तोंडावर बोललो.

"तुन्हा बापले कोन काय म्हनस भो?" नाना म्हणाला. "आम्ही रशिया-अमेरिका करी ऱ्हायनूत."

शेवटी गुरुजींनीच तोड काढली. निकाल यायला महिने लागतील, तोवर आपणच यंत्रं होऊ. एका बाजूला आबा एकटे; त्यांनी नेहमीसारखं निवडून खेळावं. दुसऱ्या बाजूला गुरुजी, नाना आणि ज्याला यायचं तो. त्यांनी प्रत्येक चालीआधी पटावरच्या सगळ्या चाली बोलून बघायच्या, एकही सोडायची नाही. रविवारी दुपारी, चक्की बंद असते तेव्हा. घरी मी ज्या डावावर बोट ठेवलं तो हाच.

आधी नियमांवरून खटका उडाला. गुरुजी म्हणाले, यंत्रं जशी खेळतात तसं खेळू: प्यादं पहिल्यांदा दोन घरं, आणि राजा-हत्ती मिळून किल्लेकोट. आबा म्हणाले, "राजा आन् हत्ती एकच चालमा दोन्ही हालतस? ती लबाडी शे. मी आपला देशी खेयसू, नही तं घर जास." मग देशीच ठरलं. प्यादं एकच घर चालणार, आणि राजाला घोडचाल. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्या खेळात राजाला शह लागलेला नसेल तर अख्ख्या डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. एकदाच. मारली की झाली.

डाव बसला. चक्कीच्या ओट्यावर कापडाचा पट. समोरची मंडळी चाल करायला इतका वेळ लावायची की बघणारे विड्या ओढून यायचे. "हे प्यादं पुढे, मग आबा काय करतील? वजीर तिरपा. मग आपण? बरं, हे नको. आता शेजारचं प्यादं..." नाना बोटं मोडत मोजायचा, मध्येच चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून. आबा डोळे मिटून बसायचे. त्यांची पाळी आली की एक डोळा उघडायचे, हात जायचा, चाल व्हायची. मी त्यांच्या शेजारी मांडी ठोकून बसलो होतो आणि प्रत्येक चालीला माझी छाती एक बोट फुगत होती. चूक? कुठं होती चूक? घोडा असा पेरला होता की समोरच्यांना सगळ्या चाली बोलूनही तो दिसला नाही.

डाव अर्ध्याला यायच्या आत आबांनी घोडचाल वापरली. समोरच्यांचा हत्ती मोकळा होणार होता, त्याआधीच राजा उडून कोपऱ्यात, प्याद्यांच्या आडोशाला. सुंदर चाल. गुरुजी म्हणाले, "वा आबा."

पुढे बरीच मारामारी झाली. दोन्ही वजीर गेले. पट मोकळा झाला आणि नानाचा हत्ती आबांच्या राजाकडे यायला लागला. आबांनी डोळा उघडला, थोडा वेळ पाहिलं, आणि राजा उचलून अडीच घरांवर ठेवला.

दुसऱ्यांदा.

गुरुजींनी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात नानानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवलेला मी बघितला. आणि नाना, जो आबांना आयुष्यात अर्धं घर सूट देत नव्हता, जो प्यादं उचलून परत ठेवलं तर अख्खं गाव गोळा करायचा, तो नाना हळू आवाजात म्हणाला, "चालस, आबा. खेया तुम्ही."

कोणी आबांना हरवलं असतं तर मी सोसलं असतं. पण त्यांची चूक पोटात घालणं! म्हणजे यांना आधीपासून ठाऊक होतं. म्हणजे हे आजच्या आधीही असं करत आले असतील. माझ्या बापावर दया दाखवायला हा चक्कीवाला कोण?

मी म्हणालो, "आबा, घोडचाल एकदाव व्हई गई."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "कव्हय?"

"मघाशी. कोपरामा गया तव्हय."

"मी? नही रे भो." त्यांनी पटाकडे बघितलं, एकेका सोंगटीवर नजर फिरवली. शोधत होते. मग परत माझ्याकडे. "तू कोना बाजूना शे?"

त्यांच्या डोळ्यांत मी परका झालो होतो. मी मान हलवली नाही आणि बोललेलं मागेही घेतलं नाही. गुरुजी म्हणाले, "असू द्या हो, एवढं काय." मी म्हणालो, "नही. नियम तो नियम." आबांनी राजा उचलून जागेवर ठेवला.

आणि मग, ऐका, आबा तो डाव जिंकले.

तसे जिंकले की मी पुन्हा कधी पाहिलं नाही. राजा अडकलेला असताना त्यांनी उंट दिला, नानानं तो हपापून घेतला, आणि त्या फटीतून त्यांचं एक प्यादं घर घर चालत गेलं. समोरचे सगळ्या चाली बोलत होते, मोजत होते, एकमेकांवर खेकसत होते, आणि प्यादं येत होतं. शेवटी त्याच प्याद्यानं मात. प्यादेमात म्हणजे आमच्यात सगळ्यांत मोठी मात, आणि हरणाऱ्याची सगळ्यांत मोठी फजिती. ओट्यावर आरडाओरड झाली. नाना कपाळावर हात मारून म्हणाला, "आबा, यंत्र जायी टाकं तुम्ही!" गुरुजींनी वाकून नमस्कार केला.

तिथंच मला सगळ्यांत वाईट वाटलं. त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की जोर एकच असतो, तो असतो नाहीतर नसतो. आबांचा जोर गेलेला नव्हता. पटावर जे दिसतं ते त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त दिसत होतं. पण अख्ख्या पटावर एक गोष्ट अशी असते की कितीही बघितलं तरी दिसत नाही: राजानं उडी मारलीय की नाही. राजा तिथंच उभा असतो, तसाच. ती ध्यानातच ठेवावी लागते. ओट्यावर इतके दिवस भांडलो, इंजिन बोललो, माप बोललो, निवड बोललो. झालेलं ध्यानात ठेवणं हाही जोरच असतो, हे कोणीच बोललं नव्हतं. कारण ते सगळ्यांना असतंच असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या परदेशी यंत्रांचा निकाल पुढे वर्ष सरता सरता आला. सगळं बघणारं यंत्र जिंकलं. नानानं तो मला तीनदा वाचून दाखवला. मी म्हणालो, आबा त्या दुसऱ्या बाजूला बसले असते तर बघितलं असतं. अजूनही म्हणतो. पण त्या रविवारी मला निकालाची काही पडलेली नव्हती.

घरी जाताना आबा पुढे आणि मी मागे. चाल एकदम ताठ. रस्त्यात दोघा-तिघांना थांबवून त्यांनी प्यादेमात सांगितली, उंट कसा दिला तेही बरोबर सांगितलं. मला मनात वाटत होतं की मी घरवालीला म्हणू शकतो, जिंकले, विषय संपला. चूक झाली, पण ती परत घेतली, आणि परत घेतलेली चाल चूक धरत नाहीत. असा मी वाटभर स्वतःशीच वाद घालत होतो. वादात मी हरत नाही.

जेवायला बसलो. आबा खुशीत होते. सुनेला म्हणाले, "बेटा, आज त्यांच्या यंत्राची फजिती केली. लबाडी करत होते. राजाची घोडचाल दोनदा मारली त्यांनी! मी पकडली. म्हटलं, नियम तो नियम."

तिनं माझ्याकडे बघितलं. काय झालं होतं ते तिला ठाऊक नव्हतं, पण माझा घास हातातच राहिला होता, तेवढं तिला पुरलं. आबांनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

सकाळी मी आबांच्या आधी उठलो आणि मळ्यात गेलो. सालदार आलेला होता, त्याला केळीच्या वरच्या अंगाला पाण्याची बारी धरायला पाठवला, विहिरीपासून लांब. पत्र्याच्या खोलीत जाऊन हँडल उचललं आणि इंजिनाला लावून उभा राहिलो. थोड्या वेळानं आबा आले, टॉवेल डोक्याला गुंडाळलेला.

"तू इथं काय करतोस? आण ते इकडे."

"आबा, आज मी मारतो. मला शिकवा."

"चौतीस वर्षांचा घोडा झालास, आता शिकतोस?"

"मला येत नाही," मी म्हणालो. हे शब्द मी आयुष्यात कोणाजवळ उच्चारले नव्हते.

ते जवळ आले, माझा अंगठा हँडलवरून सोडवला आणि चार बोटांच्या बाजूला आणून ठेवला. म्हणाले, "असा धर. उलटा झटका आला तर अंगठा तुटतो." मी तसा धरला. मग हँडल सोडून खड्ड्याच्या काठाशी गेलो, वाकून खाली बघितलं, "कोणी आहे का?" म्हणून हाक दिली. खाली कोणी नव्हतं, ते मला ठाऊकच होतं. परत आलो, आबांना भिंतीकडे सरकवलं, आणि हँडल मारलं.